शेवटची ओळ

हेडसरांनी चाळीस वर्षांत कॉपी करणारी इतकी मुलं पकडली होती, की बाकाखालच्या कागदाची सळसळ त्यांना झोपेतही ऐकू यायची. त्याच हेडसरांनी सत्तराव्या वर्षी डोळ्यांच्या दवाखान्यातला तक्ता पाठ केला.

कारण होतं घरातली आठ महिन्यांची नात, चिमणी. हेडसरांच्या उजव्या डोळ्याचं बुबुळ बदलून दहा महिने झाले होते. डावा आधीपासूनच नावापुरता. नवं बुबुळ छान रुजलं होतं, पण सोळा टाक्यांपैकी एखादा त्याला जास्तच ओढत होता. त्यामुळे खिडकी तिरकी, दाराची चौकट पोट सुटलेली आणि सूनबाईला दोन नाकं.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर डोळ्याचा रंगीत नकाशा काढला. "सहाचा तिरपा नंबर आहे, सर."

"कितीपैकी?"

"पैकी नाही हो. इथं जितके जास्त, तितकं वाईट."

असली परीक्षा हेडसरांनी जन्मात पाहिली नव्हती.

"पुढच्या वेळी तक्ता वाचून घेऊ. गरज वाटली तर घट्ट टाका काढू, मग चष्मा नाहीतर कडक लेन्स. घाई नको."

घाई नको कशी? चिमणीला एकट्यानं बागेत न्यायचं, एवढंच तर त्यांना हवं होतं. पण मागच्या महिन्यात जिन्यावर त्यांची पायरी चुकली. ते कठड्याला लटकले, टोमॅटो मात्र तळमजल्यावर पोचले. तेव्हापासून सूनबाईचा हुकूम होता. "बाबा, डॉक्टरांनी शेवटच्या ओळीपर्यंत पास केलं, की खुशाल न्या. तोवर माझं लेकरू घेऊन जिना उतरायचा नाही."

त्या दिवशी दवाखान्यातून निघायच्या आधीच सोबत आलेल्या त्यांच्या बायकोनं, म्हणजे हेडबाईंनी, बाकावर बसल्या बसल्या तक्ता चिठ्ठीमागे उतरवून घेतला. मग महिनाभर बटाटे सोलता सोलता घोकंपट्टी चालली.

"अहो, चौथी ओळ पुन्हा चुकलात! नापास झालात तर माझ्यासमोर तोंड पाडून बसू नका."

परीक्षेच्या दिवशी हेडसरांनी तक्ता खणखणीत म्हटला. शेवटची ओळ संपली तरी थांबले नाहीत. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं 'कोरड्या कापडाने पुसावे, पाण्याने धुऊ नये' हेही म्हणून मोकळे झाले.

डॉक्टरीणबाईंनी एकदा नकाशाकडे पाहिलं, एकदा हेडसरांकडे. "नकाशा तर वेगळंच सांगतोय! पण एवढं दिसतंय म्हटल्यावर टाक्याला हात कशाला लावू?" शिकाऊ डॉक्टरांना बोलावून त्यांनी हा अजब डोळा दाखवला. त्यातल्या एकानं तर लगेच लेखाचं शीर्षकही ठरवून टाकलं.

सूनबाईनं शब्द पाळला. टोपरं चढवलेली, दुपट्यात गुंडाळलेली चिमणी तिनं हेडसरांच्या हातात दिली. चिमणीनं मूठभर सदरा धरला आणि डोकं बिनधास्त त्यांच्या खांद्यावर टाकलं.

हेडसरांनी जिन्याकडे पाहिलं. प्रत्येक पायरीला एक भुताटकीची पायरी चिकटलेली. खरी कुठली? त्यांनी पाऊल पुढे केलं, मागे घेतलं, आणि ते तिथंच उंबऱ्यावर बसले.

"काय झालं, बाबा?"

"पेपर फुटला होता."

सूनबाईनं सासूकडे पाहिलं. सासूबाईंना अचानक बटाट्याच्या सालींमध्ये फार काम निघालं.

"अहो बाबा, बघायचं सोडून पाठ कशाला केलंत?"

"चाळीस वर्षं तेच तर शिकवलं गं," हेडसर पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यात गुन्हा कबूल केला. डॉक्टरीणबाईंनी नवा तक्ता लावला. तिसऱ्या ओळीवर हेडसर अडखळले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच परीक्षेत म्हणाले, "पुढचं येत नाही."

"शाब्बास!" बाईंनी थेंब घालून डोळा बधिर केला आणि घट्ट टाका अलगद कापून काढला. लेखवाल्या डॉक्टरचा चेहरा मात्र पाहवत नव्हता.

सहा आठवडे थांबून पुन्हा नकाशा काढला. नंबर दोनवर आला होता. चष्मा झाला. नव्या चष्म्यानिशी हेडसर जिन्याच्या तोंडाशी ताठ उभे राहिले.

"अकरा पायऱ्या!"

"त्या तुम्हाला तीस वर्षं पाठ आहेत," कडेवरच्या चिमणीला सावरत सूनबाई म्हणाली. "सातव्या पायरीवर काय पडलंय ते सांगा."

हेडसरांनी पाहिलं. घाई केली नाही.

"मोजा. चिमणीचा. निळा आहे, आणि अंगठ्यापाशी भोक पडलंय."

"जाताना उचला तो," असं म्हणून तिनं चिमणी त्यांच्या हातात दिली.