उसना श्वास

प्रचाराच्या गाडीच्या भोंग्यातून बाबांचा श्वास ऐकू आला तेव्हा ती चौकात भाजी निवडत होती. लांब, खोल श्वास आणि शेवटी दम्याची ती बारीक शिट्टी. हातातला टोमॅटो हातातच राहिला. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

श्वासामागून उमेदवाराचा आवाज आला, "येते ना. रोज येते."

"काय माणूस आहे बघा," भाजीवाली म्हणाली. "गेलेल्यांचं नाव काढलं तर गळा दाटून आला. एवढा कळवळा कुणाला असतो हो हल्ली?"

ती पिशवी तिथेच टाकून घरी पळाली. कानाला हेडफोन लावले आणि आपणच तयार केलेला एपिसोड ऐकला. शंकाच नको. बाबाच होते.

ती पॉडकास्टची एडिटर. घराच्या मागच्या खोलीत जाड पडदे लावून रेकॉर्डिंग चालायचं. मुलाखती घेणारा तिचा मित्र. त्याला सगळे पोपट म्हणत आणि तोही ते मिरवत असे. रेकॉर्डिंगआधी सगळ्यांनी थोडा वेळ चिडीचूप बसायचं, हा तिचा नियम. खोलीची नुसती शांतता टिपून ठेवायची आणि बोलण्यात कापाकापी झाली की भोकांवर तिचीच ठिगळं लावायची. बाबांना हा प्रकार भारी आवडे. कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "या घरात मला जमणारं हे एकच काम." बसल्या बसल्या छातीत शिट्टी वाजू लागली की आई स्वयंपाकघरातल्या फळीवरून दम्याचा पंप घेऊन धावायची.

मग एकदा पंपाने भागलं नाही. गल्लीच्या टोकाचा सरकारी दवाखाना याच उमेदवाराने मागे सत्तेत असताना बंद करून टाकला होता. दुसरा होता तो पार शहराच्या पलीकडे. बाबा वाटेतच गेले, आईच्या मांडीवर.

म्हणूनच उमेदवार मुलाखतीला येणार म्हटल्यावर तिने पोपटाच्या हातात तो प्रश्न दिला होता. दवाखाना बंद झाल्यावर माणसं वाटेत दगावली, त्यांची आठवण येते का? त्या दिवशी उमेदवाराच्या माणसांना एवढी घाई, की शांतता टिपायला कुणी थांबलंच नाही. आणि पोपटाचा प्रश्न पुरता संपायच्या आत उत्तर आलं, "येते ना. रोज येते." चहात साखर चालते का विचारल्यावर बोलावं, तसं.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. एडिट करताना तिने प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये लांबलचक शांतता घुसवली. ऐकणाऱ्याला वाटू दे, याची दातखीळ बसली. जुन्या शांततांमधली पहिली हाताला लागली ती चिकटवली आणि सवयीप्रमाणे न ऐकताच पुढे गेली. शांतता कोण ऐकत बसतं?

लोकांनी ऐकली. दातखीळ मात्र कुणाच्या मनातही आली नाही. लोक म्हणाले, साहेब आतून हलले. तेवढाच तुकडा या फोनवरून त्या फोनवर गेला, न्हाव्याच्या दुकानात वाजला, भोंग्यावर चढला. डिपॉझिट वाचेल की नाही म्हणून ज्याची टिंगल चालली होती, त्याची बघता बघता हवा झाली.

"खरं रेकॉर्डिंग टाकते," ती पोपटाला म्हणाली.

"अगं, वेडी का तू? फेरफार आपणच केला हे सांगावं लागेल."

"सांगेन."

आधी तिने आईला सांगितलं. आईने हेडफोन लावले, ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं. मग हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसली.

"माझ्यासाठी ठेवला नाहीस," ती म्हणाली, "आणि त्याला देऊन टाकलास?"

त्याच दिवशी तिने सगळं कबूल करून मूळ मुलाखत टाकली. लोकांनी खरं रेकॉर्डिंगच खोटं ठरवलं आणि तिच्यावरच तुटून पडले. विरोधकांनी किती दिले, एकाने विचारलं. एका बाईने लिहिलं, "माणसाचा हुंदकासुद्धा कापता? लाज कशी वाटत नाही?" तिने ते वाचलं आणि फोन उपडा ठेवला. आपल्या बापाला आपणच त्या माणसाच्या दावणीला बांधलं, हे तिला आता कळून चुकलं होतं. सोडवून आणायची वाट काही सापडत नव्हती.

उमेदवार घसघशीत मतांनी निवडून आला. टीव्हीवर मंच दिसत होता. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. साहेबांनी हार काढून बाजूला ठेवले, माईक जवळ ओढला. "जे वाटेतच आपल्याला सोडून गेले..." एवढं बोलून ते थांबले. डोळे मिटले. गर्दी गप्प झाली.

मग त्यांनी श्वास घेतला. लांब, खोल. आणि शेवटी ती बारीक शिट्टी, अगदी जिथल्या तिथे. ऐकून ऐकून पाठ केली होती.

रिमोट कुठे आहे ते तिला दिसेना.

आई मात्र मांडीवरचा टॉवेल टाकून उठली होती. स्वयंपाकघरात जाऊन ती फळीवरून हात फिरवत होती, डबे बाजूला सारत होती.

"अगं," ती घाईघाईने ओरडली, "पंप कुठे ठेवलास?"