इग्लालच्या अझेतली पहिली खुर्ची

जुनी नटी इग्लाल गेल्याचं रेडिओनं सांगितलं तेव्हा आम्ही न्याहारीला बसलो होतो. माझी बायको इन्शिराह हिनं भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला आणि विचारलं, "मग नाझीमच्या मालिकेतली आजी आता कोण करणार?"

"अगं, आधी 'इन्ना लिल्लाही' तरी म्हण," मी म्हणालो.

"म्हटलं मनात."

"मनात म्हटलं! तिला अजून आंघोळ घातली नसेल आणि तू तिच्या कामावर डोळा ठेवतेस?"

"ती माझ्या जागी असती तर हेच केलं असतं तिनं. आणि वर माझी काळी ओढणीही नेली असती."

हे मात्र खरं होतं. इग्लालला मी चांगलाच ओळखत होतो.

मी बहगत. कैरोच्या ऑपेरात सगळी हयात कोरसमध्ये, मागच्या रांगेत उभा राहून काढली. पुढं कोण गातंय ते पाठीवरून ओळखायचं, ही आमची विद्या. इन्शिराहची पाठ मी पहिल्यांदा जुन्या लाकडी ऑपेरात पाहिली. विशीतली पोर, इटालियनमध्ये असं गायली की आमच्या मास्तरांची छडी हवेतच थांबली. पुढं ते थिएटर जळालं. आम्ही कोरसवाले सरकारी पगारावर कुठंकुठं गात राहिलो, पण तिला बसून राहणं जमणारं नव्हतं. ती विनोदी नाटकांत शिरली. तिथं हशा वसूल केला, मग सिनेमात आया केल्या, टीव्हीवर सासवा केल्या, कार्टूनमधल्या कोल्ह्याला आवाजसुद्धा दिला. जे हाती आलं ते तिनं असं केलं की दुसऱ्या कुणी करूच नये.

आणि त्यातच तिचं वाटोळं झालं. ऑपेरावाले म्हणत, ती तर आता नटी. नाटकवाले म्हणत, ती मुळात गाणारी. सिनेमावाले म्हणत, ती नाटकातली, आवाज फार चढवते. गौरव करायचा म्हटलं की प्रत्येकाला वाटे, दुसऱ्यांनी केला असेल. शेवटी कुणीच केला नाही. गेली काही वर्षं तर फोनही येत नव्हता. ती सकाळी उठून केस नीट करायची, ओठांना रंग लावायची आणि दुपारी पुसून टाकायची. ते मला बघवत नसे.

"नाझीमला सरळ फोन कर ना," मी म्हणालो. नाझीम वहबी म्हणजे रमजानात टीव्हीवर लागणाऱ्या मालिकांचा मोठा दिग्दर्शक. त्याची आजी इग्लाल करणार होती, हे सगळ्या धंद्याला माहीत होतं.

"काम मागू? मी?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी चहात डोकं घातलं.

आमच्या धंद्यात काम मागायचं नसतं, दिसायचं असतं. आणि म्हाताऱ्या कलावंतांनी दिसायची आता एकच जागा उरली आहे, ती म्हणजे अझा. कुणी गेलं की मशिदीच्या दालनात संध्याकाळी सगळे दुखवट्याला जमतात. कुराण चालू असतं, कडू कॉफीचे पेले फिरतात, दारात फोटोवाले एकमेकांच्या पायावर पाय देतात. निर्माते, दिग्दर्शक झाडून येतात. कितीतरी भूमिका तिथं ठरल्या आहेत, हलक्या आवाजात, डोळे पुसता पुसता.

तिनं काळा पोशाख इस्त्री केला. आरशासमोर तिनं आजीसारखं वाकून पाहिलं, मग सरळ होऊन पाहिलं.

"कुठली बरी?"

"मेलेलीला विचार," मी म्हणालो. माझा तोंडाळपणा जायचा नाही.

आम्ही फार लवकर पोचलो. मी पुरुषांच्या दालनात गेलो. बायकांचं दालन समोरच, मध्ये फक्त वऱ्हांडा, आणि दारं उघडी. तिचे गुडघे दुखत होते, म्हणून ती आत न जाता दाराजवळच्या पहिल्या खुर्चीवर बसली. आता, पहिली खुर्ची घरच्या बाईची असते हे पोरासोरांनाही कळतं. पण इग्लालला घरचं होतंच कोण? तांता शहराहून आलेला एक पुतण्या, तोही पुरुषांत बसलेला. तिनं विचार केला असेल, कुणी आलं की उठू.

पहिली बाई आली ती वाकून, तिचा हात धरून दुखवट्याचे ठरलेले शब्द म्हणाली, "अल-बकीया फी हयातिक. धीर धरा."

इन्शिराहनं तोंड उघडलं. तेवढ्यात दुसरी आली. मग तिसरी. सगळ्यांना तिचा चेहरा ओळखीचा वाटत होता, फक्त कुठला ते आठवत नव्हतं. इग्लालची बहीण असणार, असं प्रत्येकीनं मनाशी ठरवून टाकलं. फोटोवाल्यांचे दिवे लखलखले. मी वऱ्हांड्यापलीकडून हातानं खुणावलं, ऊठ! तिनं मला पाहिलं, आणि मान किंचित खाली घातली. ही मान मी रंगमंचावर कितीदा पाहिली होती. ती भूमिकेत गेली होती.

मग काय विचारता. अशी बहीण इग्लालला जन्मात मिळाली नसती. कुणाच्या खांद्यावर हात, कुणाला दोन शब्द, एकदा फक्त ओठ थरथरले. बायका हुंदके देत आत जात होत्या. इग्लालबद्दल कुणाला एवढं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

आणि मग नाझीम आला. मोठ्या माणसांना बायकांच्या दारापर्यंत येऊन घरच्यांचं सांत्वन करायची मुभा असते. मी घाईघाईनं वऱ्हांडा ओलांडून चार हातांवर जाऊन उभा राहिलो.

"अल्ला तुम्हाला सबुरी देवो," नाझीम तिचे दोन्ही हात धरून म्हणाला. "तुमच्या बहिणीशिवाय मी आता काय करू? अख्खी मालिका आजीवर उभी आहे."

"मिळेल कुणीतरी," इन्शिराह म्हणाली. तिचा आवाज मुळीच हलला नाही.

"कुठून मिळेल, मादाम? हसवणारी हवी, रडवणारी हवी आणि शेवटी नातीला झोपवताना गाणारी हवी. खरं सांगू? हे तिन्ही करणारी एकच बाई होती या देशात. इन्शिराह. लहानपणी आईनं मला तिच्या नाटकाला नेलं होतं. हसून हसून पोट दुखलं, आणि मग ती एकदम गायला लागली..." त्याचे डोळे भरले. "तीही गेली बिचारी. आम्ही कुणी तिच्या मातीलासुद्धा गेलो नाही. कधी गेली तेही कळलं नाही. लाज वाटते हो."

मी पुढं झालो. तिनं मान न वळवता हात जरासा उचलला. कोरसनं थांबावं म्हणून मुख्य गायिका उचलते तसा. आणि जन्मभराची सवय, मी थांबलो.

"हो," ती म्हणाली. "चांगली गायची."

नाझीम डोळे पुसत निघून गेला.

टॅक्सीत मी तोंड सोडलं. "दातखीळ बसली होती का? मी आहे, जिवंत आहे, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"आणि काय सांगू? इग्लालची बहीण म्हणून तासभर लोकांचे अश्रू लाटले? तिथंच, फोटोवाल्यांसमोर?"

"मग फोटोवाले गेल्यावर सांगायचं!"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "रडत होता रे तो. माझ्यासाठी. मध्येच कशी तोडू?"

घरी आल्यावर तिनं पोशाख घडी न घालता खुर्चीवर टाकला आणि ओठांचा रंग पुसायलाही विसरली.

मी काही दिवस कळ काढली. मग ती समोर बसलेली असतानाच नाझीमच्या कचेरीत फोन लावला. म्हटलं, होऊन जाऊ दे. एका मुलीनं उचलला.

"मी बहगत बोलतोय. इन्शिराह माझी बायको."

"अल-बकीया फी हयातक, उस्ताझ!" ती मुलगी म्हणाली. "बरं झालं तुम्हीच फोन केलात. सरांनी तुमचा नंबर शोधायला सांगितलाय. पहिल्या भागाच्या सुरुवातीला मॅडमच्या नावाची अर्पणपत्रिकेची पाटी लावतोय आम्ही."

"आणि आजीचं काम?"

"ते शाहिनाझ मॅडमना दिलं. कालपासून शूटिंग चालू झालं."

शाहिनाझ पन्नाशीचीही नाही. तिला पांढरा विग लावणार असतील.

"समजा," मी चाचरत म्हणालो, "समजा इन्शिराह जिवंत असती..."

ती गोंधळून हसली. "मग पाटी कशी लावणार, उस्ताझ?"

मी फोनवर हात ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं. काम गेलं. जिवंत म्हटलं तर नावही जाईल. तिनं ओढणीची किनार चिमटीत धरली.

"इग्लालच्या पाटीतच की वेगळी?"

मी विचारलं. "वेगळी म्हणते. अख्खा पडदा."

"मग गायिका आणि अभिनेत्री, दोन्ही लिहायला सांग. एक काहीतरी लिहून मोकळे होतील."

मी सांगितलं. पलीकडून मुलगी लिहून घेत होती. मग तिनं हलक्या आवाजात आणखी एक विचारलं.

"आता काय म्हणते?" इन्शिराहनं विचारलं.

"कधी गेलीस ते विचारते. पाटीवर साल घालायचंय."

"यंदाचंच सांग," ती म्हणाली. "जुनं सांगितलंस तर लोक म्हणतील, एवढे दिवस कुणाला पत्ताच नव्हता."

मी यंदाचं साल सांगितलं. सांगताना माझा आवाज फुटला, तशी ती मुलगी मायेनं म्हणाली, "धीर धरा, उस्ताझ."