लिस्बनचा हेल

"माणूस गेलं तर शेजारणीला एक हाक बी मारू नये? आम्ही काय गावाबाहेर राहतो?" नंदाबाई शेजारच्या बाईच्या कानात पुटपुटत होती. पण नंदाबाईचं पुटपुटणं अर्ध्या गल्लीला बराबर ऐकू जायचं.

विमल गच्चीवरच्या मिरच्या पालथ्या करून खाली आली, तर ओसरीवर पाच बाया डोक्यावर पदर ओढून, माना खाली घालून बसलेल्या. दुखवट्याला बसतात तशा. ती पायरीवरच थांबली.

"कोण गेलं?"

"ते तूच सांग. घरातून हेल काढून रडणं ऐकू आलं, म्हणून पिठाच्या हातानं आलो," नंदाबाई म्हणाली.

आवाज खरंच येत होता. सूर चढत जायचा, वर जाऊन थरथरायचा आणि एकाएकी तुटून खाली यायचा. बाप गेल्यावर माहेरी आलेली लेक उंबऱ्याशी हेल काढते, अगदी तसा. शब्द तेवढे कुणाच्या ओळखीचे नव्हते.

तेवढ्यात विमलचा मुलगा कल्याण स्पीकर घेऊन बाहेर आला. "काकू, कुणी गेलं न्हाई. गाणं हाय हे. पोर्तुगालचं. फादो म्हणतात."

"गाणं? मंग ही कुणाला रडून राह्यली?"

"कुणाला असं न्हाई. आपलं गाव, आपलं माणूस दूर राह्यलं की असं गातात."

"एवढ्यासाठी? फोन लावायचा की."

बाया हसल्या. डोक्यावरचे पदर खांद्यावर आले. आल्याच आहात तर चहा घ्या म्हणून विमलनं आत जाऊन आधण ठेवलं.

कल्याण चार वर्षं लिस्बनच्या एका खाणावळीत होता. माळकऱ्याचं पोर तिथं मासे तळायचं, हे त्याच्या बापाला, साहेबरावांना, अजून कुणी सांगितलं नव्हतं. दिवाळीला तो घरी आला आणि साहेबरावांनी भोकरदन रोडला त्याच्यासाठी दुकानाचं काम काढलं. शटर बसलं, पाटीचा रंग ठरला. कल्याण प्रत्येक गोष्टीला "बघू" म्हणायचा. परत जायचंय का, हे मात्र घरात कुणी विचारलं नाही. विमलनं तर नाहीच. विचारलं की उत्तर येतं, आणि चार वर्षांनी पोराचं ताट वाढायला मिळालं होतं.

"लाव बरं पुन्हा," बाहेर नंदाबाई म्हणाली.

"काकू, तिकडं रीत हाय. गाणं सुरू व्हायच्या आधी दिवे बारीक करतात. खाणारा हातातला घास खाली ठेवतो. मालक आम्हाला गॅस बंद करायला लावायचा, कढईत काहीबी असू द्या."

"मयतीच्या घरी बी चूल बंदच असते," नंदाबाई म्हणाली.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी विमलनं चहाखालचा गॅस बंद केला आणि दारात येऊन उभी राहिली.

आधी तारा वाजल्या, पाण्यावर ऊन हलावं तशा. मग त्या बाईनं सूर लावला. नंदाबाई म्हणजे हेल काढण्यात पंचक्रोशीत नाव असलेली बाई, पण तिनं हळूच पदर पुन्हा डोक्यावर घेतला. सूर वर गेला आणि तिथंच राहिला. पाच बायांनी श्वास धरला. रस्त्यावरून एक फटफटी गेली, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सात समुद्रांपलीकडची कोण कुठली बाई, तिला जालना जिल्हा माहीत असायचं कारण नाही, आणि ती विमलच्या ओसरीवर विमलच्याच आईच्या गळ्यानं रडत होती. विमलच्या अंगावर काटा आला. असं दुःख इतकं देखणं करून मांडता येतं, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

गाणं संपलं.

"पोरा," नंदाबाई डोळे पुसत म्हणाली, "तिकडं हे ऐकून आईची लई आठवण येत असंल."

"यायची," कल्याण म्हणाला.

पण विमल सगळा वेळ त्याच्याकडेच बघत होती. त्या बाईबरोबर त्याचे ओठ हलत होते, एकही शब्द न चुकता. घरी आल्यापासून असा चेहरा तिनं पाहिला नव्हता. दुकानाच्या शटरपाशी नाही, तिच्या हातचं खातानाही नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी माहेरची एसटी दिसली की तिचं स्वतःचं तोंड असंच व्हायचं.

ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली.

"कल्याण," ती म्हणाली, "तुला इथं करमत न्हाई. तू परत जा."