पंख्याशेजारचा दोरकाप्या

मी एक जुना दोरकाप्या आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. मोटारबोटीच्या बुडाखाली, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याला अगदी खेटून माझी जागा असते. माझी दोन पाती पंख्याच्या दांड्याबरोबर गरगरतात आणि तिसरं पातं बोटीच्या बुडाला पक्कं बसवलेलं असतं. कात्रीच म्हणा ना! वाहत आलेली दोरी, फाटकं जाळं किंवा प्लॅस्टिकचं पोतं पंख्याकडे ओढलं गेलं, की ते गुंडाळलं जाण्याआधी मी त्याचे तुकडे करतो. एवढंच माझं काम. पण ते करून करून मी फार थकलो आहे.

बोटी दुरुस्त करायच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या फिटरबाईने मला जाड पोलादी पत्र्यातून कापलं आणि कानशीने धार लावली. तिचा थोरला भाऊ माणसांना पैलतीरी नेणारी बोट चालवायचा. पंख्यात दोरी अडकली, की हा दादा दातांत सुरी धरून पाण्यात उतरायचा आणि बोटीखाली जाऊन ती कापायचा. एकदा लाटेने बोट उचलली आणि त्याच्या डोक्यावर आपटली. तो शुद्धीवर आला तेव्हा बहीण उशाशी बसली होती. ती रडली नाही, रागावलीही नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन तिने माझ्यासाठी पत्रा निवडला.

दादाला मी मुळीच आवडलो नव्हतो. आजवर याच्यावाचून कुठे अडलं होतं, असं म्हणून त्याने तोंड फिरवलं. पण थोड्याच दिवसांत एक जाड दोरी आडवी आली. बोटीला जरासा हिसका बसला आणि मागे पाण्यावर दोरीचे तुकडे तरंगू लागले. त्या दिवशी दादा भेटेल त्याला ते तुकडे दाखवत सुटला होता. माझं तेवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

त्याचं असं आहे, मित्रांनो, माझं काम नीट झालं की काहीच घडत नाही. आणि काहीच घडलं नाही याबद्दल कोण कोणाचे आभार मानणार? वर्षं जात राहिली. दादाचे केस पांढरे झाले. पूर्वी पाण्यात कचरा दिसला, की तो बोट वळसा घालून न्यायचा. आता सरळ त्यावरून न्यायला लागला. दोरकाप्या आहे ना, म्हणायचा. माझ्या अंगावर शेवाळ चढलं, शिंपले चिकटले, धार बोथट झाली. बोट एकदा वर ओढून घे, मला खाली बघू दे, असं बहीण त्याला परोपरीने सांगायची. पुढच्या महिन्यात बघू, असं तो म्हणायचा. शेवटी तिनेही सांगणं सोडलं.

एका दुपारी वारा सुटला होता. बोटीत एक फळवाला होता आणि शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. बाईंना रक्त शुद्ध करून घ्यायला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून सून बरोबर होती. तेवढ्यात जाळ्यात गुंतलेला मोठा दोरखंड माझ्यावर आला. मी जिवाच्या आकांताने कापू लागलो. अर्धा कापला आणि अडकलो. इंजिन धापा टाकून बंद पडलं. वारा बोटीला खडकांकडे ढकलू लागला. दादाने नांगर टाकला, तोही घसरत चालला.

दादाची सुरी कित्येक वर्षं बोटीवर नव्हती. त्याने फळवाल्याची सुरी मागून घेतली, कमरेला दोर बांधला, दोराचं टोक सुनेच्या हाती दिलं आणि तो खाली आला. इतक्या वर्षांत आमची समोरासमोर भेट झाली ती तेव्हा. त्याने चाचपडत माझ्या पात्यावर हात ठेवला. जी धार दोरखंडाला पुरली नाही, ती त्याच्या तळव्याला पुरली. पाणी लालसर झालं. तो श्वास घ्यायला वर जाई, पुन्हा येई, पुन्हा कापी.

एकदा तो वर गेला तेव्हा बाई त्याला म्हणाल्या, “सावकाश करा. आम्हाला घाई नाही.”

घाई खरं तर त्यांनाच होती.

दोरखंड तुटला आणि इंजिन सुरू झालं, तेव्हा खडकावर फुटणाऱ्या लाटांचे शिंतोडे बोटीत येत होते. बाई दवाखान्यात उशिरा पोचल्या, पण पोचल्या.

मग एकदाची बोट वर ओढली गेली. बहिणीने माझ्यावरचे शिंपले खरवडून काढले. दादा हाताला पट्टी बांधून शेजारी उभा होता.

“याला तक्रार करता येत नाही,” कानस चालवता चालवता ती म्हणाली. “मला येते, तर तू ऐकत नाहीस.”

“आता ऐकतो,” दादा म्हणाला. “बोल.”

तिने खरवडणी त्याच्या धड हातात दिली आणि दुसरी बाजू दाखवली.

आता दरवर्षी दोघं मिळून येतात. प्रत्येक वेळी धार लावताना मी थोडा झिजतो. फार वर्षं काही मी टिकणार नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. मित्रांनो, एवढंच सांगतो. तुटकी दोरी, फाटकं जाळं पाण्यात टाकू नका. ते कोणाच्या ना कोणाच्या जिवावर बेततं. आणि तुमच्या घरातही कोणीतरी निमूटपणे राबत असेल. काही बिघडलेलं नसतानाही त्यांची चौकशी करा. आमच्यासारख्यांपर्यंत पोचायला फारसं काही लागत नाही. थोडं वाकून बघावं लागतं, इतकंच.