उंदराने कुरतडलेला शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मला बघून आजवर कुणाला आनंद झालेला नाही. माझ्या पोटावर एका चौकटीत 'नमुना' एवढा एकच शब्द कोरलेला आहे. चांगल्या चित्रावर मी बसलो की बघणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. "अरेरे, विचका केला!" हे तर मी इतक्यांदा ऐकलंय की ते मला माझं नावच वाटतं.

पण माझा जन्मच त्यासाठी झाला. माझी आताची मालकीण म्हणजे ताई. तिचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आधी कागदावर छोटी पाटी काढून दाखवायची, पसंत पडली की मोठी रंगवायची, अशी त्यांची पद्धत. एका चपलांच्या दुकानदाराने तो कागद ठेवून घेतला, "कळवतो" म्हणाला, आणि महिन्याभरात तीच पाटी दुसऱ्या कुणाकडून स्वस्तात रंगवून दारावर चढवली. बाबांना रोज त्याच रस्त्याने जावं लागायचं. पंधरा दिवस त्यांनी मान खाली घालून काढले आणि सोळाव्या दिवशी तडक शिक्केवाल्याकडे गेले. शिक्केवाल्याने रबर कापलं, लाकडी मुठीला चिकटवलं, कागदावर एकदा दाबून बघितलं आणि म्हणाला, "घ्या. आता चोराने नेलं तरी त्याला पचणार नाही."

पंचवीस वर्षं मी इमानेइतबारे काम केलं. बाबांचा नियम कडक होता. पैसे हातात पडेपर्यंत बिनशिक्क्याचा कागद घराबाहेर जाणार नाही. आणि मला बसवायचे तेही अगदी मधोमध. म्हणायचे, "शिक्का छातीवर बसला पाहिजे. पायाशी बसला तर त्याला कोण भितो?"

मग यंत्रावर छापलेल्या पाट्या आल्या आणि बाबांचं काम बसलं. मी खणात गेलो. तिथे किती वर्षं पडून होतो, देव जाणे. शाईची डबी वाळून खडखडीत झाली. एका उंदराने माझ्या चौकटीचा कोपरा खाऊन बघितला. चव आवडली नसावी, कारण तो पुन्हा आला नाही, पण त्याच्या दातांच्या खाचा कायमच्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं. शिक्क्याची चौकट फुटली की त्याला टाकूनच देतात.

ताईने मला टाकलं नाही. ती चित्रकार झाली होती, घरी बसून लोकांची कामं करायची. खणात मी सापडलो तेव्हा बाबांनी माझ्यावरून अंगठा फिरवला आणि हसले. "दोन दात मारलेत बघ. बरं झालं, आता याची नक्कल कुणाच्या बापाला जमणार नाही." त्यांनी बघून नव्हे, चाचपून सांगितलं. त्यांचा डावा डोळा तरुणपणीच पत्र्याची कड लागून गेला होता, आणि आता उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, "आणखी थांबू नका." ऑपरेशनला अठ्ठावीस तारीख दिली होती.

त्या अठ्ठावीस तारखेचे पैसे येणार होते वहीवाल्यांकडून. वह्यांचा कारखाना होता त्यांचा. बारा वह्या, बारा मुखपृष्ठं, बारा प्राणी. "ताई, तुम्ही तर घरच्याच. काम झालं की दुसऱ्या दिवशी पैसे," असं गोड बोलून त्यांनी काम दिलं. ताईने दोन महिने मान मोडून चित्रं काढली. मूळ चित्रं कपाटात ठेवली आणि दाखवायला त्यांच्या रंगीत प्रती काढल्या.

आणि इथे चूक झाली, मित्रांनो. ताईला स्वतःच्याच चित्रांची दया आली. हरणाच्या डोळ्यांवर शिक्का कसा मारायचा? मोराच्या पिसांवर कसा मारायचा? तिने मला जेमतेम शाईला टेकवलं आणि कोपऱ्यात हलकेच ठेवून उचललं. अकरा वेळा मी असा चोरासारखा उमटलो. बाराव्या चित्रात दाट झाडीत दबून बसलेला बिबट्या होता. नेमका तेव्हाच दवाखान्यातून फोन आला, निम्मे पैसे आधी भरा म्हणून. ताईने एका हाताने फोन धरला आणि दुसऱ्या हाताने मला इतक्या जोरात दाबलं की माझी मूठ करकरली. तेवढ्या एका झाडीत मी जीव तोडून उमटलो. पण निळी शाई त्या काळ्याहिरव्या पानांत बुडून गेली. ताईला वाटलं, बरं झालं, दिसत नाही.

वहीवाल्यांनी तीन आठवडे काही कळवलं नाही. ताईने फोन केला की साहेब जेवायला, साहेब बाहेरगावी, साहेब बैठकीत. शेवटी चुरगळलेल्या पाकिटातून प्रती परत आल्या. हत्तीच्या पाठीवर कपाचं गोल वर्तुळ होतं आणि सोबत चिठ्ठी, 'चित्रं पसंत नाहीत. काम रद्द.' ताईने चिठ्ठी पाकिटात परत कोंबली. बाबांनी विचारलं, "काय ग, आले का पैसे?" ती म्हणाली, "येतील." कॅलेंडरवर तेव्हा एकोणीस तारीख होती.

बावीसला ती कोपऱ्यावरच्या दुकानात माझ्यासाठी शाई आणायला गेली आणि परत आली ती बारा नव्या कोऱ्या वह्या घेऊन. हरीण, मोर, हत्ती, सगळे हजर! स्वतःच्याच चित्रांचे पैसे मोजून आली होती बिचारी. वह्या टेबलावर आपटून ती रडायला लागली. "बाबा, यांनी छापलीसुद्धा! आणि मी मूळ चित्रं नेऊन दाखवली तर म्हणतील, आमच्या माणसाने काढली, तुम्ही वह्या बघून उतरवलीत. उलट मलाच चोर ठरवतील."

"शिक्का?" बाबांनी विचारलं.

"कोपऱ्यात मारला होता. पुसून टाकलाय त्यांनी संगणकावर."

"सगळीकडे?"

ताईने वह्या त्यांच्यापुढे सरकवल्या. बाबांनी भिंग मागितलं आणि ते खिडकीच्या उजेडात जाऊन बसले. एकेक वही डोळ्याला चिकटवून, पाणी गळणाऱ्या डोळ्याने बघत राहिले. मी टेबलावर पडल्या पडल्या जीव मुठीत धरून मोजत होतो. सात झाल्या, आठ झाल्या. अकरावीला त्यांनी डोळा पुसला आणि ताई म्हणाली, "राहू द्या बाबा, ताण देऊ नका." त्यांनी ऐकलं नाही. बारावी वही त्यांनी उलटी केली, सुलटी केली आणि भिंग बिबट्याच्या शेपटीजवळ थांबवलं.

"हे बघ. अर्धी चौकट. आणि हे, हे उंदराचे दात!"

ज्या खाचांपायी माझी मलाच लाज वाटायची, त्याच खाचा त्या पानांत अशा लखलखीत उमटल्या होत्या की मी सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी ताई मला आणि शाईच्या डबीला पर्समध्ये घालून कारखान्यात गेली. वहीवाल्यांच्या खोलीत एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या, पाच हजार वह्यांची मागणी घेऊन.

"मॅडम, नंतर या. बोलणं चाललंय आमचं," वहीवाले म्हणाले. आता 'ताई' नव्हतं, 'घरच्याच' नव्हतं.

"बसते मी," ताई म्हणाली आणि बसली. तिने मला पर्समधून काढून मुठीत धरलं. "बिबट्याचं चित्र कुणी काढलं?"

"आमच्या माणसाने. का?"

ताईने बिबट्याची वही टेबलावर ठेवली. पहिलं कोरं पान उघडलं, मला शाईत बुडवलं आणि पानाच्या मधोमध, छातीवर, दाबलं. मग वही मुख्याध्यापिकांपुढे सरकवली. "हा माझा शिक्का. कोपरा उंदराने खाल्लाय. आता मुखपृष्ठावर शेपटीजवळ बघा. त्यांच्या माणसाच्या चित्रात माझ्या घरचा उंदीर कसा शिरला?"

बाईंनी चष्मा लावला. मुखपृष्ठ पाहिलं, पान पाहिलं, पुन्हा मुखपृष्ठ पाहिलं. वहीवाल्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"आम्ही मुलांना सांगतो, दुसऱ्याचं बघून लिहू नका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइल मिटली. "आधी यांचं मिटवा. मग माझ्या वह्यांचं बोलू."

"देतो ना, दोन दिवसांत देतो..."

"बसते मी," ताई पुन्हा म्हणाली.

चेकबुक निघालं. पण सुंभ जळला तरी पीळ जाईना. "अकरा चित्रांचे लिहितो. बाराव्यावर तर डागच आहे तुमचा."

"त्या डागाचे खरं तर जास्त घ्यायला हवेत," ताई म्हणाली. वहीवाल्यांनी बारांचे लिहिले.

चेक वटेपर्यंत कुणाचाच भरवसा नव्हता. तीन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. सत्तावीसला दुपारी बँकेचा निरोप आला आणि ताईने तिथेच जमिनीवर बसकण मारली.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर बाबांनी घरी येऊन आधी काय मागितलं असेल? मला! ताईने कागदावर माझा ठसा उठवून त्यांच्या हातात दिला. भिंग न घेता त्यांनी तो हातभर लांब धरला, आणि बघता बघता मोठ्याने हसले.

"अग, दोन नाहीत. तीन दात आहेत! हा तिसरा बारका बघ."

मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. पण शिक्क्याला कोण विचारतंय? ताईने मात्र कागद ओढून घेतला, तिसरा दात पाहिला आणि बाबांच्या खांद्यावर डोकं टेकवून ती खूप रडली.

तर मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणाची तरी चित्रकला चांगली असेलच. "काढून दे ना, तुझ्या हातचा मळ आहे" असं त्याला म्हणण्याआधी दोन महिने मोडलेली ती मान आठवा. आणि तुमच्यापैकी जे चित्रं काढतात त्यांना सांगतो, आपल्या कामाची दया येऊ द्या, पण शिक्का छातीवरच मारा. खणात एखादी जुनी, कोपरा फुटलेली वस्तू सापडली तर फेकण्याआधी निदान उजेडात धरून बघा. आणि हो, शाईच्या डबीचं झाकण घट्ट लावत जा. ताई परवा विसरली होती.