हातभर फीत

शिंप्याच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या सोमवारी रिकाम्या करून द्यायच्या होत्या. लेक रोज दुपारी यायची, पाच महिन्यांच्या पिल्लाला कापडात छातीशी बांधून, आणि त्याचा डोळा लागला की वडिलांच्या रेकॉर्ड कंपनीचा इतिहास लिहायला बसायची. त्यांच्या एकवीसच्या एकवीस रेकॉर्डी एक मोठी कंपनी नव्यानं काढणार होती, आणि सोबत चार पानांची पुस्तिका हवी होती. लिहिणार कोण? घरात जिला लिहिता येतं आणि नाही म्हणता येत नाही, ती.

इतिहास तसा आटोपशीर. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली ही एक खोली, काचेपलीकडे दुसरी, आणि तिथं वडील आणि त्यांचे एक मित्र, ज्यांना सगळे कानसेन म्हणत. मोठ्या कंपन्यांनी दारातूनच वाटेला लावलेले गाणारे इथं यायचे. एक रीत मात्र यांची यांचीच. गाणं संपलं की कुणी जागचं हलायचं नाही. मायक्रोफोन चालू ठेवून मिनिटभर खोलीची शांतता टिपायची आणि रेकॉर्डवर दोन गाण्यांच्या मध्ये तीच जोडायची. कोरी फीत जोडली तर, कानसेन म्हणायचे, पायरी चुकल्यासारखी कानाला ठेच लागते.

आई त्या मिनिटाला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली असायची. श्वास घेताना तिची डावी नाकपुडी बारीक वाजायची. वहिनी, वादकांत तुमचंही नाव घालू का, ही कानसेनांची ठरलेली थट्टा. दहाव्या रेकॉर्डीनंतर ती गेली. लेक तेव्हा अडीच महिन्यांची होती. घरात परक्यांचे आवाज कपाटं भरून, आणि आईचा एक शब्द कुठे नाही. म्हणून आता पुस्तिकेच्या निमित्तानं लेक गाणी सोडून मधली शांतताच ऐकत बसायची, नाकाची ती शिटी शोधत.

दहाव्या रेकॉर्डीपर्यंत ती सापडत गेली. मग अकरावीतही सापडली.

जुना तुकडा जोडला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. बारावी लावली, पंधरावी लावली. श्वास कोपरा सोडून खोलीच्या मधोमध आला होता. विसावीत तो इतका जवळ होता की तिनं हेडफोन काढून मागं वळून पाहिलं. एकविसावीच्या शेवटच्या शांततेत तो आत ओढला गेला, माणूस बोलण्याआधी घेतं तसा, आणि तिथंच तुटला.

पिल्लू गाण्यांना भोकाड पसरायचं. शांतता लागली की गप्प होऊन रिकाम्या स्टुलाकडे बघत हसायचं.

कानसेनांना आता कानात यंत्र लागत होतं, आणि त्यावरचे सगळे विनोद त्यांनी स्वतःच आधी करून टाकले होते. तिनं विचारलं तेव्हा मात्र त्यांनी विनोद केला नाही. शांतता दर वेळी ताजीच टिपली, जुनी कधीच वापरली नाही, एवढं म्हणाले. शेवटची कात्री तुझ्या बाबांनी मारली, त्यांनाच विचार.

बाबा खोकी बांधत होते. कॅसेट आल्या म्हणून कंपनी बंद पडली, असं लिहून टाक, असं ते आठवडाभर सांगत होते.

"खरं काय ते सांगा," ती म्हणाली.

त्यांनी सुतळी खाली ठेवली. खिशातून चपटी डबी काढली. आत तपकिरी फितीचं एक वेटोळं होतं.

"तुझ्या आईनं ओ दिली," ते म्हणाले. "पण आमच्यातल्या कुणी हाक मारली नव्हती गं."

त्यांनी ते एकदाच ऐकलं, आणि त्याच दिवशी कापलं. पुन्हा त्या खोलीत मायक्रोफोन लावायचा त्यांना धीर झाला नाही. फीत वाजवायचं यंत्रही सोमवारीच जाणार होतं. लावू का, तिनं विचारलं. त्यांनी डबी तिच्या हातात ठेवली. मग म्हणाले, मी जिन्यात थांबतो.

हातभर फीत म्हणजे जेमतेम सेकंदभर आवाज. लहानपणी कानसेनांनी शिकवलं होतं तशी तिरकी कड जुळवून तिनं ती शेवटच्या शांततेच्या रिळाला जोडली. पिल्लू मांडीवर टक्क जागं होतं. बटण दाबलं. मिनिटभर नुसती खोली. मग तो श्वास. पिल्लानं स्टुलाकडे दोन्ही हात केले.

"आऽ," ते म्हणालं.

"ओ."

किंचित घोगरा आवाज, हात कामात असलेल्या बाईचा. आपण रडू असं लेकीला वाटलं होतं, पण तिला फक्त पुन्हा ऐकायचं होतं. फीत संपून तिचं टोक फटफट आपटत होतं. तिनं यंत्र बंद केलं. लाल दिवा विझला.

"आऽ," पिल्लू खिदळलं.

"ओ."

स्पीकर तिच्या उजव्या हाताला होता. स्टूल डावीकडे.

जिन्यात बाबांचं पाऊल वाजलं आणि थबकलं. लेकीचे पाय दाराकडे ओढ घेत होते. पिल्लाला तिनं इतकं घट्ट धरलं की त्याचं काळीज तिच्या तळव्यात उडत होतं. तीस वर्षं एक हाक तिच्या घशात न वापरता पडून होती. हल्ली तर ती हाक पिल्लू आपल्याला कधी मारेल, याचीच ती वाट बघत असायची. सोमवारी ही खोली कुणा दुसऱ्याची होणार होती.

ती सावकाश डावीकडे वळली.

"आई," तिनं हाक मारली.

कोपऱ्यात, ओ देण्याआधी, एक नाकपुडी बारीक वाजली.