औषधवाल्याला न दाखवलेली अळिंबी

भांड्यावरचं झाकण खडखडलं आणि दुपारची शांतता मोडली. टॅमसिन गॅस बारीक करत होती, तेवढ्यात शेजारच्या ओदिलबाई डोकावल्या.

"रानातली अळिंबी? औषधवाल्याला दाखवलीस ना गं?"

"कशाला? आमच्या इंग्लंडात, डेव्हनमध्ये, अगदी अशीच उगवते. माझ्या एल्सीने वाटीभर सार संपवलंसुद्धा."

"फ्रान्समधलं हे जुनं गाव निम्मं तुम्हा इंग्रजांनी भरलंय, पण शिकला नाहीत काही. आम्ही जन्मभर इथले, तरी औषधवाल्याने विषारी नाही ना हे तपासून दिल्याशिवाय शिजवत नाही." टोपलीतली एक अळिंबी त्यांनी उलटी केली आणि त्यांचं हसू मावळलं. "विषारी वाटते. पोरीला उचल, मी गाडी काढते, दवाखान्यात नेऊ."

टॅमसिनने गॅस बंद केला आणि एल्सीला उचललं. गाडीत तिने लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"आई," एल्सी म्हणाली, "उद्या तेच सार पुन्हा करशील?"